साडेचार वर्षांच्या मुलाला ऑपरेशनचे सांगावे का, आणि सांगावे तर केव्हा?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा साडेचार वर्षांचा असून जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी ठरली आहे. गेल्या वर्षी तापामुळे तो दाखल होता, तेव्हा सलाईन लावण्यासाठी चौघांनी त्याला पलंगावर दाबून धरले होते आणि शीर सापडायला बराच वेळ लागला होता. तेव्हापासून दवाखान्याचा जिना दिसला तरी तो किंचाळतो. इतकेच काय, केस कापायला नेल्यावर न्हाव्याने गळ्याभोवती पांढरे कापड गुंडाळले तरी आकांत करतो. आजीचे म्हणणे असे की त्याला काहीही सांगू नये, मामाकडे जायचे आहे म्हणून गाडीत बसवावे आणि थेट रुग्णालयात उतरवावे. वडिलांना वाटते की आजपासूनच सगळे समजावून सांगून त्याच्या मनाची तयारी करावी. यातले बरोबर कोण, असे आईने विचारले आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझे बरेचसे काम लहान मुलांच्या शस्त्रक्रियांचे असते. शस्त्रक्रियेच्या दिवशी आईच्या कडेवरून मूल ज्या माणसाच्या हाती जाते ती व्यक्ती बहुतेक वेळा मीच असल्यामुळे घरी काय सांगितले गेले आहे आणि काय लपवले गेले आहे, हे मला पहिल्या मिनिटात कळते. माझे सरळ मत असे, की मुलाला सांगायलाच हवे, मात्र आज नव्हे. तीन आठवडे आधी सांगितलेली गोष्ट या वयाच्या मुलाला तयारीसाठी उपयोगी पडत नाही, कारण त्याला ‘तीन आठवडे’ म्हणजे किती हेच कळत नसते. तो रोज सकाळी उठून ‘आज जायचंय का?’ असे विचारत राहतो आणि भीती मात्र तीन आठवडे चढत जाते. आजीला या गोष्टीची जाण आहे, म्हणूनच त्या सांगू नका म्हणतात. पण त्यांनी सुचवलेला मार्ग या मुलाच्या बाबतीत सर्वांत महाग पडेल, आणि बिचारा मामा विनाकारण बदनाम होईल तो वेगळाच.

कारण असे, की या मुलाची खरी अडचण शस्त्रक्रिया नाही. त्याने अजून शस्त्रक्रिया पाहिलेलीच नाही. गेल्या वर्षी त्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसल्या: दवाखान्यात आपल्याला न विचारता, न सांगता काहीही होऊ शकते, आणि ते होत असताना आई-बाबाही त्याच लोकांना सामील असतात. पांढरे कापड, स्पिरिटचा वास, जिना या सगळ्या त्या प्रसंगाच्या खुणा आहेत. सुई टोचल्याचे दुखणे काही मिनिटांत ओसरते. पण हातपाय धरले गेल्याची आठवण बरीच मागे राहते. आता त्याला फसवून नेले, तर त्याच्या दोन्ही समजुती खऱ्या ठरतील आणि टाके काढणे, पाच वर्षांची लस, दातांचा डॉक्टर अशा पुढच्या प्रत्येक प्रसंगी तुम्हाला याहून मोठ्या आकांताला तोंड द्यावे लागेल. म्हणून तीन आठवड्यांचा उपयोग शस्त्रक्रियेची माहिती देण्यासाठी कमी आणि ‘माझे आई-बाबा मला खरे सांगतात आणि मला सोडून जात नाहीत’ हा अनुभव त्याला पुन्हा देण्यासाठी जास्त करावा, असे मला वाटते.

पुढे जे लिहिते आहे त्यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगते. मूल कसे आहे हा एक भाग: काही मुलांना सगळे डोळ्यांनी पाहायचे असते, आणि नजर दुसरीकडे वळवली तर ती जास्त घाबरतात, काहींना अजिबात पाहायचे नसते. रुग्णालय कसे आहे हा दुसरा भाग. लहान मुलांच्या खास रुग्णालयात जे सहज होते, ते गर्दीच्या सरकारी रुग्णालयात एका परिचारिकेकडे तीस खाटा असताना होईलच असे नाही. शस्त्रक्रिया तातडीची असेल तर ही सगळी तयारी बाजूला राहते. तुमच्या मुलाची ठरवून केलेली शस्त्रक्रिया आहे, त्यामुळे हाताशी वेळ आहे. मात्र भीती जावी म्हणून ती काही महिने पुढे ढकलावी, असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. मुलांमधला जांघेतला हर्निया आपोआप बरा होत नाही, आणि त्यात आतडे अडकण्याचा धोका असतो. दरम्यानच्या काळात गाठ टणक झाली, दाबूनही आत जाईना, मूल सारखे रडू लागले किंवा उलट्या झाल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

आता वेळेचा हिशेब. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी सांगितलेले पुरते. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगावे. सात वर्षांच्या पुढच्या मुलाला साधारण आठवडाभर आधी, कारण त्याला प्रश्न सुचायला आणि विचारायला वेळ लागतो. तुमच्या मुलाला शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी सांगा, आणि रात्री झोपताना सांगू नका. सकाळी किंवा संध्याकाळी, तो खेळून निवांत झालेला असताना, घरात पाहुणे नसताना सांगा. तोपर्यंत त्याने स्वतःहून विचारले तर मात्र नाही म्हणू नका. ‘हो, तुझ्या गाठीसाठी डॉक्टरांकडे जायचं आहे, जायच्या आधी मी तुला सगळं सांगेन’ एवढे उत्तर द्या आणि दिलेला शब्द पाळा.

सांगायचे काय, तर त्याला स्वतःला काय दिसेल, काय ऐकू येईल, कशाला हात लागेल आणि आई कुठे असेल, एवढेच. शरीराच्या आत काय करणार याचा तपशील या वयाला नको. ‘तुझ्या जांघेत ती गाठ येते ना, ती डॉक्टर दुरुस्त करणार आहेत. तेव्हा तुला औषधाची झोप येईल. ही झोप रात्रीच्या झोपेसारखी नसते; दुरुस्ती चालू असताना जाग येतच नाही, आणि काम झालं की डॉक्टर औषध बंद करतात, मग जाग येते. उठशील तेव्हा मी तिथे असेन. उठल्यावर तिथे थोडं दुखेल, त्याचं औषध आमच्याकडे आहे. संध्याकाळी आपण घरी येऊ.’ बहुतेक सुदृढ मुलांना या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी घरी सोडतात. पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ‘संध्याकाळी घरी’ असे सांगा. ‘कापणार’, ‘फाडणार’, ‘बेशुद्ध करणार’ हे शब्द घरातल्या मोठ्यांच्या फोनवरच्या बोलण्यातूनही त्याच्या कानावर पडू देऊ नयेत. दाराआड उभे राहून मुले जे ऐकतात, त्यावर ती आपल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतात.

या वयाच्या मुलाच्या मनात एक शंका असते जी ते बोलून दाखवत नाही: आपण काहीतरी चुकलो म्हणून ही शिक्षा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घटनांची कारणे स्वतःच्या वागण्यात सापडतात, आणि आपल्या घरांमध्ये या समजुतीला खतपाणी घालायची जुनी सवय आहे. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका इंजेक्शन देतील’, ‘मस्ती केलीस तर सुई टोचायला सांगेन’ ही वाक्ये ज्या घरात बोलली गेली नाहीत असे घर माझ्या पाहण्यात फारसे नाही. आजपासून ती पूर्ण बंद करावीत, आणि आजी-आजोबा, शेजारच्या काकू, शाळेच्या व्हॅनचे काका या सर्वांना तसे सांगावे. मुलालाही स्पष्टपणे सांगावे, की ही गाठ कोणाच्या चुकीने आलेली नाही, तू उड्या मारल्यास म्हणून नाही, आणि हट्ट केलास म्हणून तर नाहीच नाही.

दुसरी शंका रक्ताची. एका पाच वर्षांच्या मुलीचे रक्त तपासणीसाठी घ्यायचे होते. तिला सुईचे विशेष काही वाटत नव्हते, तरी ती हात पुढे करीना. पुष्कळ वेळाने तिने विचारले, ‘भोकातून सगळं संपलं तर?’ तिच्या वजनाच्या मुलाच्या शरीरात साधारण सव्वा लिटर रक्त असते, आणि तपासणीसाठी दोन मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी घेतात. पाण्याच्या बाटलीतून चमच्यात पाणी ओतून तिला ते दाखवले, तेव्हा तिने हात दिला. पण टोचल्यावर कापूस काढून गोल पट्टी लागेपर्यंत तिने त्या जागेवरची नजर हलवली नाही. मोठ्यांना ही पट्टी अनावश्यक वाटते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्या पट्टीने भोक बुजते आणि प्रकरण संपते. त्यामुळे रुग्णालयाकडे नसेल तर रंगीत पट्ट्यांचे एक पाकीट तुम्हीच सोबत न्यावे.

पुढच्या दोन आठवड्यांत काय करायचे, याचे उत्तर खेळ हे आहे. डॉक्टरच्या खेळण्यांचा संच असेल तर तो, नाहीतर औषधाच्या दुकानातून बिनसुईची सिरिंज, थोडा कापूस, चिकटपट्टी आणि गॉझ आणावे. आधी रोगी व्हायचे ते बाहुलीने, मग बाबांनी. मुलाने डॉक्टर व्हायचे. त्याला सिरिंजमध्ये पाणी भरून उडवू द्यावे, बाबांच्या हाताला पट्टी बांधू द्यावी. तो बाहुलीला जोरजोरात टोचेल, कदाचित मारेलही. त्याला अडवू नये आणि ‘असं नाही करायचं’ अशी शिकवणही देऊ नये, कारण गेल्या वर्षीचा प्रसंग तो अशा रीतीने स्वतःच्या हातात घेत असतो. दोन-चार दिवसांनी खेळाचा जोर कमी झाला की बाबांनी रोगी म्हणून एवढेच म्हणावे, ‘मला जरा भीती वाटते, आईच्या मांडीवर बसू का?’ आणि डॉक्टर काय उत्तर देतात ते पाहावे. बहुतेक छोटे डॉक्टर परवानगी देतात.

एखाद्या दिवशी काहीही न करता रुग्णालयात जाऊन यावे. फाटकापर्यंत, जमले तर जिन्यापर्यंत, जमले तर वरच्या बाकापर्यंत. तिथे बसून खाऊ खावा आणि परत यावे. किंचाळला तर तिथून ओढत आत नेऊ नये आणि घाईने पळूनही येऊ नये. थोडे मागे, जिथे तो शांत होईल तिथे थांबावे, शांत झाल्यावर घरी यावे. आज काही करायचे नाही असे सांगितले असेल, तर डॉक्टरांनी ‘आलाच आहात तर रक्त देऊन जा’ म्हटले तरी त्या दिवशी देऊ नये.

इथेच एक व्यावहारिक मुद्दा येतो. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांची तपासणी होते, जिला बहुतेक ठिकाणी ‘फिटनेस’ म्हणतात, आणि तेव्हा रक्त तपासायला सांगण्याची पद्धत आहे. अन्यथा निरोगी असलेल्या मुलाच्या या छोट्या शस्त्रक्रियेसाठी कोणत्या तपासण्या खरोखर लागतात, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. रक्त लागणारच असेल, तर ते शस्त्रक्रियेच्या दिवशी मुलाला झोप लागल्यावर घेता येईल का, हेही विचारा. काही वेळा आधी घेणे आवश्यक असते, पण जी सुई टाळता येते ती टाळणे हा भीतीवरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्याच भेटीत मुलाचा मागचा अनुभव भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ‘रडतो फार’ एवढेच सांगू नका. ‘चौघांनी धरले होते, तेव्हापासून पांढऱ्या कापडालाही घाबरतो’ असे नेमके सांगा. हे कळल्यावर आमची योजना बदलते.

जी सुई टाळता येत नाही तिच्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे लिडोकेन आणि प्रिलोकेनचे बधिर करणारे मलम. ते हाताच्या मागच्या बाजूला, जिथे शीर दिसते तिथे, जाडसर थराने लावून वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी लागते आणि किमान एक तास तसेच ठेवावे लागते. पंधरा मिनिटांत काम होत नाही, आणि ‘मलम लावूनही रडला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. किती लावायचे ते वजनावर ठरते, जखमेवर लावायचे नसते, आणि लहान बाळांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरच्या घरी लावू नये. मलमामुळे त्वचा पांढरट पडते आणि शीर थोडी आकसते. पट्टी काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबले तर ती पुन्हा नीट दिसू लागते. दोन्ही हातांना लावावे, कारण एका हाताची शीर मिळाली नाही तर दुसरा हात तयार असतो. आणि ती चिकटपट्टी ओढून काढताना अनेक मुले सुईपेक्षा जास्त रडतात, म्हणून कडा ओल्या करून सावकाश सोडवावी.

दुसरी गोष्ट बसण्याची. पाठीवर आडवे पाडून वरून चार चेहरे वाकले, की कोणतेही मूल झटापट करते. त्याऐवजी आईने खुर्चीत बसावे, मुलाने तिच्या मांडीवर तिच्याकडे तोंड करून, दोन्ही पाय तिच्या कमरेच्या बाजूंनी सोडून बसावे, छातीला छाती टेकलेली असावी. एक हात आईच्या काखेखालून मागे काढून उशीवर ठेवावा आणि तो हात परिचारिकेने धरावा. आईची मिठी घट्ट असते, त्यामुळे मूल हलत नाही, आणि तरीही त्याच्या मनात ती मिठीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणाच्या वेळच्या वेदना कमी करण्यासंबंधी जी भूमिका मांडली, तिच्यातही तान्ह्यांना कुशीत घेणे आणि शक्य तेव्हा त्या वेळी अंगावर पाजणे, मोठ्या मुलांना बसवून टोचणे आणि सहा वर्षांखालच्या मुलांचे लक्ष दुसरीकडे वेधणे, हे उपाय आहेत. यातल्या कशालाही खर्च नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे जमते. खुर्ची मागायला लाजू नका.

टोचताना बोलायचे काय, यावर थोडे थांबते, कारण इथे आपली सगळ्यांची जीभ चुकीच्या वाटेने जाते. ‘काही नाही, काही नाही, झालं झालं’ हे आपण प्रेमाने म्हणतो. पण निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत असे वारंवार दिसले आहे, की मोठी माणसे अशी धीराची वाक्ये जितकी जास्त बोलतात तितकी मुले अधिक अस्वस्थ होतात, आणि टोचण्याशी संबंध नसलेले काही बोलले, थट्टा केली, तर ती लवकर सावरतात. मुलाच्या बाजूने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे. एरवी आई कधी ‘काही नाही’ असे सात वेळा म्हणत नाही. ज्या अर्थी आज म्हणते आहे, त्या अर्थी काहीतरी नक्की आहे. ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ हे वाक्यही एकदा टोचून घेतलेल्या मुलापुढे टिकत नाही, त्याला मुंगी आणि सुई दोन्ही ठाऊक असतात. ‘टोचेल, पाच अंक म्हणेपर्यंत टोचेल, मग थांबेल’ हे खरे असते आणि मोजता येते. त्या पाच अंकांत त्याच्या तोंडाला काम द्यावे: भिरभिरे फुंकायचे, साबणाचे फुगे उडवायचे, किंवा टोचण्याच्या क्षणी मोठ्याने खोकायचे. बोलणारा माणूसही एकच असावा. बाबा, आई, आजी आणि परिचारिका एकाच वेळी समजावू लागले की मुलाला फक्त गलका ऐकू येतो.

‘इंजेक्शन घ्यायचं ना?’ असे विचारू नये, कारण ‘नाही’ या उत्तराला तिथे जागा नसते. जिथे खरोखर निवड आहे तिथेच ती द्यावी: डावा हात की उजवा, बघायचे की नाही, कोणती पट्टी, मोजायचे कोणी. रडायला पूर्ण मुभा द्यावी; नियम एकच, की हात हलवायचा नाही. ‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्य आपल्याकडे डॉक्टरही बोलतात. तसे झालेच तर तुम्ही शांतपणे ‘रडलं तरी चालतं’ असे मुलाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणावे. बक्षीस द्यायला हरकत नाही, पण ते ‘रडला नाहीस तर’ या अटीवर नसावे. आणि सलाईनसाठी हातात जी राहते ती सुई नसते, हे त्याला अगोदर खेळातच दाखवावे. जिला परिचारिका इंट्राकॅथ म्हणतात तिच्यातली सुई शिरेत शिरल्यावर काढून घेतात आणि आत फक्त मऊ प्लास्टिकची बारीक नळी उरते. ‘हातात सुई आहे, हलवू नको’ असे सांगितलेली मुले दोन-दोन दिवस हात लाकडासारखा ताठ ठेवतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशीची पहिली लढाई बहुतेक वेळा उपाशी राहण्याची असते. ‘रात्री बारानंतर काही देऊ नका’ ही जुनी सूचना लहान मुलांच्या बाबतीत गरजेपेक्षा कडक आहे. सर्वसाधारणपणे जेवण आणि वरचे दूध सहा तास आधी बंद, अंगावरचे दूध त्याहून थोडे उशिरापर्यंत, आणि पाणी किंवा साखरपाण्यासारखी पारदर्शक पेये दोन तास आधीपर्यंत चालतात. 2018 मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि युरोपातील बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी ही शेवटची मर्यादा एक तासावर आणण्याची एकत्रित शिफारस केली. तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ अंतिम समजा, पण ‘पाणी किती वाजेपर्यंत?’ हे आठवणीने विचारा. तहानलेले मूल आधीच चिडलेले असते, आणि त्याच्या शिराही लवकर सापडत नाहीत. उलट, दया येऊन कोणी गुपचूप बिस्कीट दिले असेल तर ते लपवू नका. भरल्या पोटी भूल दिल्यास उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्या दिवशी आजीवर नजर ठेवावी, असे मी सगळ्याच आयांना सांगते.

भूल दोन प्रकारे सुरू करता येते: शिरेतून, किंवा तोंडावर मास्क धरून वासाने. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी मास्कचा विचार आधी करीन, कारण मग इंट्राकॅथ तो झोपल्यावर लावता येते आणि गेल्या वर्षीचा प्रसंग पुन्हा घडत नाही. हा निर्णय अर्थात तुमच्या भूलतज्ज्ञांचा. मास्क ठरला तर एखादा जुना, स्वच्छ मास्क खेळायला मिळेल का, ते विचारा. अंतराळवीर किंवा विमानचालक होऊन मुले तो आनंदाने तोंडाला लावतात, आणि त्याच्या आत आवडीच्या वासाचा, स्ट्रॉबेरीचा किंवा व्हॅनिलाचा, इसेन्स लावला की शस्त्रक्रियेच्या दिवशी मास्क आधीच ओळखीचा झालेला असतो. इतके करूनही मूल फार घाबरलेले असेल, तर मिडाझोलामसारखे भीती कमी करणारे औषध तोंडाने किंवा नाकातील फवाऱ्याने आधी देता येते. तोंडाचे औषध कडू असते, फवारा थोडा झोंबतो, आणि परिणाम दिसायला औषधाच्या प्रकारानुसार पंधरा ते तीस मिनिटे लागतात. हे औषध मागणे म्हणजे तयारीत कमी पडणे नव्हे. ज्या मुलाला पूर्वी धरून ठेवले होते, त्याच्यासाठी मी ते बहुधा देतेच.

आईने आत यावे का, हे रुग्णालयाच्या नियमांवर आणि आईवरही अवलंबून आहे. शांत राहू शकणारी आई किंवा वडील सोबत असणे उपयोगी ठरते. स्वतः थरथरणारे पालक असतील तर मूल त्यांच्या चेहऱ्यावरून भीती वाचते, आणि तशा वेळी घरातली दुसरी शांत व्यक्ती आलेली बरी. आत आलात तर एक गोष्ट ठाऊक असू द्या: मास्क लावल्यावर साधारण मिनिटभरात मुलाचे डोळे फिरतात, हातपाय थोडे झटकले जातात, श्वास घोरल्यासारखा ऐकू येतो. झोप खोल होण्याआधीचा हा नेहमीचा टप्पा आहे आणि मुलाला तो पुढे आठवत नाही. त्यानंतर तुम्हाला बाहेर जायला सांगतील, तेव्हा रेंगाळू नका.

जागे होताना काय होते हे मात्र पालकांना फारसे कोणी सांगत नाही. दोन ते पाच वर्षांची काही मुले वासाच्या भुलेतून उठताना डोळे उघडे असूनही कोणाला ओळखत नाहीत, आईलाच ढकलतात, नळी ओढतात, मोठमोठ्याने रडतात. हे नेहमी दुखण्यामुळेच होते असे नाही. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत मूल झोपल्यावर कमरेच्या खालच्या भागात वेदना थांबवणारे इंजेक्शन बहुधा दिलेले असते आणि काही तास त्याचा परिणाम टिकतो. त्यामुळे पाय जड वाटू शकतात, उभे करताना धरावे लागते. रडण्याचा हा गोंधळ बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत निवळतो. दुखत असल्याची शंका परिचारिकेला जरूर सांगा. त्यापलीकडे प्रश्न विचारत बसू नका, दिवा मंद करा, कुशीत घ्या आणि थोडेच बोला.

घरी आल्यावर दोन दिवसांनी, तो खुशीत असताना, त्याच्याकडून त्या दिवसाची गोष्ट ऐकावी. मुलाला पुढच्या वेळी काय आठवेल हे या बोलण्यात बऱ्याच अंशी ठरते. तो ‘खूप रडलो’ म्हणाला तर ते नाकारू नका, पण त्याने जे केले ते नेमके सांगा: ‘हो, रडलास, आणि पाचपर्यंत तूच मोजलंस, हातही हलवला नाहीस.’ न घडलेले शौर्य त्याच्या नावावर टाकू नका, त्याला कळते.

यानंतर काही दिवस तो चिकटून राहील, रात्री दचकून उठेल, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येईल, जेवणाचे नखरे वाढतील. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी पाहिले असता जवळपास निम्म्या मुलांत असा काहीतरी बदल दिसल्याचे अभ्यास आहेत, आणि बहुतेकांचा तो हळूहळू जातो. त्यासाठी रागावू नये, शाळेत बाईंनाही कल्पना द्यावी. महिना-दीड महिना उलटूनही झोप बिघडलेलीच असेल, घराबाहेर पडायलाच नकार असेल किंवा डॉक्टरांचे नाव काढताच उलटी होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांचा पत्ता घ्यावा. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानची बूस्टर लस तशीही जवळ आली आहे. तेव्हा मलम, मांडी, मोजणे आणि रंगीत पट्टी हाच क्रम पुन्हा ठेवा, आणि त्या दिवशीही मामाचे नाव घेऊ नका.